वाचकांचे प्रश्न : हार्ड डिस्क नसलेल्या संगणकावर लिनक्स

जुन्या संगणकांविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीभोवती फिरताना दिसतात : हार्ड डिस्क बिघडली किंवा काढून टाकली, बाकीचे यंत्र धडधाकट आहे, मग ते वापरात कसे आणावे? अशा पत्रांतील काही येथे थोडी संक्षिप्त करून एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काही दिवस खरखर करत होती आणि नंतर पूर्ण बंद पडली, म्हणून ती मी काढून ठेवली. पडदा, कळफलक आणि बॅटरी उत्तम आहेत. रॅम 1 जीबी आहे. संगणक सुरू केला की ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नसल्याचा संदेश येतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालते असे ऐकले आहे. ते केवळ नमुना पाहण्यापुरते असते, की त्यावर रोजचे काम खरोखर करता येते?

उत्तर : रोजचे काम करता येते. हार्ड डिस्क ही संगणकाची कोठी आहे. प्रत्यक्ष काम चालते ते रॅममध्ये. कोठी कोठे असावी याबाबत लिनक्स फारसे हट्टी नाही, आणि ते का, हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे जातात.

संगणक सुरू झाल्यावर बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला प्रारंभिक प्रोग्रॅम, आधी यंत्राची जुजबी तपासणी करते आणि मग आपल्या यादीतील साधने एकामागून एक चाचपडते. ज्या साधनावर बूट करण्याजोगे, म्हणजे सिस्टिम सुरू करण्याजोगे, काही सापडेल, तेथील छोटा प्रोग्रॅम ते रॅममध्ये आणते. हा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, दोनच गोष्टी उचलतो : लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि त्याच्यासोबतची एक लहानशी प्रारंभिक फाइल-व्यवस्था. येथपासून पुढे कर्नल रॅममध्येच चालू असतो, आणि त्याच्यापुढे एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे उरलेली सिस्टिम कोठे आहे. नेहमीच्या संगणकावर त्याचे उत्तर ‘हार्ड डिस्कच्या अमुक विभागात’ असे असते. ‘लाइव्ह’, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या, लिनक्समध्ये ते ‘पेनड्राइव्हवरील एका मोठ्या, दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये’ असे असते. या फाइलसाठी आज बहुधा स्क्वॅशएफएस ही पद्धत वापरतात. ती फक्त वाचता येते, तिच्यात काही लिहिता येत नाही. म्हणून तिच्यावर ओव्हरलेएफएस नावाचा लिहिता येणारा थर रॅममध्ये पसरला जातो. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, तसे हे असते : पाहणाऱ्याला खुणांसकट नकाशा दिसतो, पण छापील प्रतीला धक्का लागलेला नसतो. ओव्हरलेएफएस 2014 साली कर्नलच्या 3.18 या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आले. कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. क्लाउस नॉपर यांनी 2000 साली सुरू केलेल्या नॉपिक्सने 700 एमबीच्या सीडीवर सुमारे 2 जीबी मजकूर दाबून बसवला आणि हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण डेस्कटॉप, म्हणजे चिन्हे आणि खिडक्या असलेला पडदा, चालवून दाखवला.

आता आपल्या 1 जीबी रॅमचा विचार करू, कारण सगळा हिशेब तेथेच आहे. पेनड्राइव्हवरील ती मोठी फाइल दोन प्रकारे वापरता येते. एका प्रकारात ती पेनड्राइव्हवरच राहते आणि लागेल तो तुकडा तेवढा वाचला जातो. रॅमची बचत होते, पण प्रत्येक प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना थांबावे लागते आणि पेनड्राइव्ह काढता येत नाही. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीलाच ती पूर्ण फाइल रॅममध्ये ओतली जाते. अनेक वितरणांत (म्हणजे लिनक्सच्या तयार संचांत) त्यासाठी बूटच्या ओळीत, म्हणजे सुरुवातीला बूटलोडर कर्नलला देतो त्या सूचनेत, ‘टूरॅम’ हा शब्द, इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहावा लागतो. मग संगणक आश्चर्य वाटावे इतका चपळ होतो, कारण पेनड्राइव्हपेक्षा रॅम कितीतरी पटींनी वेगवान असते. मात्र 400 एमबीची फाइल रॅममध्ये ठेवली, की 1 जीबीपैकी सुमारे 600 एमबीच शिल्लक राहतात आणि त्यातूनच डेस्कटॉप, आपले प्रोग्रॅम आणि तो वरचा पारदर्शक कागद या सर्वांना वाटा द्यावा लागतो.

म्हणून आपल्यासाठी मी दोनच नावे सुचवीन. पहिले पपी लिनक्स. बॅरी कॉलर यांनी 2003 साली सुरू केलेला हा प्रकल्प मुळातच अशा वापरासाठी घडवलेला आहे, आणि रॅम पुरेशी असेल तर तो आपली मुख्य फाइल स्वतःहून तीत उतरवून घेतो. दुसरे टायनी कोअर. त्याच्या निर्मात्यांनी सांगितलेली किमान गरज 46 एमबी रॅमची आहे आणि शिफारस 128 एमबीची. पण टायनी कोअर म्हणजे चार भिंती आणि छप्पर. आतील सामान एकेक करून आपल्यालाच आणावे लागते. तशी हौस नसेल तर पपीच बरे.

येथे थोडे परखड लिहितो. ‘सर्वांत हलके लिनक्स कोणते’ या शोधात लोक आठवडे घालवतात, पण हलक्या डेस्कटॉपने वाचवलेले 100 एमबी ब्राउझरची एक-दोन पाने सहज गिळून टाकतात. लेखन, हिशेबाचे तक्ते, पीडीएफ वाचन, गाणी, जुने खेळ, प्रोग्रॅमिंगचा सराव, ईमेल ही कामे 1 जीबीत सुखाने होतात. एका वेळी दहा संकेतस्थळे उघडून त्यांतील दोनांवर चलचित्रे पाहायची असतील, तर कोणतेही वितरण आपली सुटका करणार नाही. लॅपटॉपमध्ये रॅमची आणखी एक पट्टी बसत असेल तर वितरण बदलण्याआधी ती बसवून पाहावी.

कृतीबाबत दोन सूचना. वितरणाची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण सीडीची एका फाइलमधील प्रत, पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनाने ती रीतसर लिहावी लागते. व्हेंटॉय त्याला अपवाद आहे, कारण ते पेनड्राइव्हवर एकदा बसवले की नंतर आयएसओ फाइली त्यावर साध्या कॉपी करून चालतात. दुसरे असे की, बायोसमध्ये डिस्कचा शोध आपोआप घेण्याची सोय चालू असेल, तर नसलेल्या डिस्कची वाट पाहण्यात दर वेळी काही सेकंद वाया जातात. तेथे ‘काही नाही’ हा पर्याय निवडावा. आणि हो, लॅपटॉपच्या बाजूला बोटभर बाहेर आलेला पेनड्राइव्ह कोपर लागून निसटतो. मी हे एकदा अनुभवले आहे, त्यामुळे नखाएवढा, जेमतेम बाहेर दिसणारा पेनड्राइव्हच घ्यावा असा माझा आग्रह असतो.

प्रश्न : आमचा डेस्कटॉप इतका जुना आहे की त्याच्या बायोसमध्ये यूएसबीवरून बूट करण्याचा पर्यायच नाही. सीडी ड्राइव्ह चालू आहे. हार्ड डिस्क नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : तीन मार्ग आहेत, आणि तिसरा मला सर्वांत आवडतो.

सरळ मार्ग सीडीचा. पपी किंवा टायनी कोअर सीडीवर लिहून तीवरून सुरू करता येते, आणि एकदा सगळे रॅममध्ये उतरले की सीडी बाहेर काढून ड्राइव्ह मोकळा करता येतो. सीडीचा मूळ वेग सेकंदाला 150 केबी धरला जातो. 52 पट वेगाचा ड्राइव्हही कडेजवळच्या भागातच सेकंदाला साडेसात-पावणेआठ एमबीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे सुरुवातीला धीर धरावा लागतो.

दुसरा मार्ग प्लॉप बूट मॅनेजरचा. हा छोटा प्रोग्रॅम सीडीवर लिहून तीवरून संगणक सुरू करायचा. त्याच्याजवळ यूएसबीचा स्वतःचा चालक (ड्रायव्हर) असल्यामुळे बायोसला जमत नसले तरी तो पेनड्राइव्ह ओळखतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. मात्र संगणकाची यूएसबी कोणत्या पिढीची आहे ते आधी पाहावे. यूएसबी 1.1 चा कमाल वेग सेकंदाला 12 मेगाबिट, म्हणजे व्यवहारात जेमतेम 1 एमबी. 300 एमबीची फाइल वाचायला पाच मिनिटे सहज लागतील. यूएसबी 2.0 ची मर्यादा 480 मेगाबिट असल्याने तेथे ही अडचण नाही.

तिसरा मार्ग कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाचा, म्हणजे पूर्वी मोठ्या कॅमेऱ्यांत वापरत असत त्या कार्डाचा. हे कार्ड जुन्या आयडीई (रुंद पट्टीसारख्या तारेने जोडायच्या) हार्ड डिस्कचीच भाषा बोलते, म्हणून त्याला जो अडॅप्टर लागतो तो केवळ पिना जुळवून देण्याचे काम करतो. बायोसच्या दृष्टीने ती एक लहानशी, अजिबात आवाज न करणारी हार्ड डिस्कच असते. यूएसबीचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘हार्ड डिस्कविना’ या अटीत हे बसते की नाही, यावर वाद घालता येईल, पण फिरणारी चकती, तिची घरघर आणि उष्णता तर गेली ना! कार्ड 1 किंवा 2 जीबीचे असले तरी पपीला पुरते.

प्रश्न : पेनड्राइव्हवरील लिनक्समध्ये मी तीन तास बसून एका बैठकीचे इतिवृत्त टंकलिखित केले. फाइल वेळोवेळी सेव्हही केली होती. वीज गेली, आणि पुन्हा सुरू केल्यावर फाइल कोठेच नव्हती. सेव्ह केलेली फाइल नाहीशी कशी होऊ शकते?

उत्तर : आपण फाइल सेव्ह केली हे खरे, पण ती त्या पारदर्शक कागदावर केली, आणि तो कागद रॅममध्ये होता. वीज गेली की रॅम कोरी होते. डेस्कटॉपवर नेहमीसारखाच ‘डॉक्युमेंट्स’ नावाचा फोल्डर दिसतो, त्यामुळे ही फसगत कोणाचीही होऊ शकते. याबाबतची सूचना वितरणांनी पहिल्याच पडद्यावर ठळकपणे द्यायला हवी असे मला नेहमी वाटते.

यावरचा उपाय म्हणजे बदल टिकवून ठेवण्याची सोय, जिला इंग्रजीवरून ‘पर्सिस्टन्स’ असेच म्हणतात. तिच्यात तो कागद रॅमऐवजी पेनड्राइव्हवरच्या राखीव जागेत ठेवला जातो. डेबियनच्या लाइव्ह आवृत्तीत त्यासाठी पेनड्राइव्हवर एक वेगळा विभाग करून त्याला ‘पर्सिस्टन्स’ हेच नाव द्यावे लागते, त्यात एका ओळीची मांडणीची फाइल ठेवावी लागते आणि बूटच्या ओळीतही तो शब्द जोडावा लागतो. तिन्हींपैकी एक जरी राहिले तरी सिस्टिम कुरकुर न करता नेहमीप्रमाणे सुरू होते आणि बदल मात्र टिकत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी एक निरुपयोगी फाइल तयार करून, संगणक बंद-चालू करून ती जागेवर आहे ना, हे पाहिल्याशिवाय महत्त्वाचे काम सुरू करू नये. पपीत हे सोपे आहे : पहिल्यांदा बंद करताना तोच विचारतो की सत्र जपून ठेवायचे का, आणि कोठे. पेनड्राइव्ह वापरत असल्यास पपी पुष्कळदा बदल आधी रॅममध्ये साठवतो आणि ठरावीक अंतराने किंवा बंद करताना पेनड्राइव्हवर उतरवतो. हे पेनड्राइव्हच्या आयुष्याच्या दृष्टीने चांगले आहे, पण अवचित वीज गेली तर शेवटच्या उतरवणीनंतरचे काम जाते. डेस्कटॉपवर त्यासाठी ‘सेव्ह’ अशा नावाचे चिन्ह असते. चहाला उठताना ते दाबण्याची सवय लावावी.

तरीही माझा सल्ला असा राहील की आपले दस्तऐवज या सोयीच्या भरवशावर ठेवू नयेत. पेनड्राइव्हवर दस्तऐवजांसाठी एक स्वतंत्र, साधा विभाग करावा आणि फाइली थेट तेथेच साठवाव्यात. सिस्टिमचा थर कधी बिघडला तर तो बेलाशक पुसून नव्याने सुरुवात करता येते, आणि कागदपत्रे कोणत्याही दुसऱ्या संगणकावर उघडता येतात. बदल टिकवण्याची जागा जर फॅट32 या जुन्या फाइल-व्यवस्थेच्या विभागातील एका फाइलच्या रूपात असेल, तर ती फाइल 4 जीबीच्या पलीकडे वाढू शकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : रॅम कमी आहे म्हणून पेनड्राइव्हवर स्वॅप विभाग करावा का?

उत्तर : करू नये. पेनड्राइव्हमधील स्मृतीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, आणि स्वॅप, म्हणजे रॅममध्ये न मावणारी माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा, म्हटले की अखंड पुसणे आणि लिहिणे आलेच. शिवाय स्वस्त पेनड्राइव्ह बारीकसारीक लेखनात इतके मंद असतात की माउसचा बाणसुद्धा अडखळू लागतो. त्याऐवजी झेडरॅम वापरावे. यात रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरला जातो, पण तेथे जाणारी माहिती दाबून लहान केलेली असते, त्यामुळे तेवढ्याच रॅममध्ये अधिक मावते. ही सोय 2014 पासून कर्नलमध्येच आहे. प्रोसेसरला थोडे जास्त काम पडते, पण पेनड्राइव्हची वाट पाहण्यापेक्षा ते कधीही परवडले.

प्रश्न : लिनक्स सुरू करताना ‘या प्रोसेसरमध्ये पीएई ही सोय नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन सर्व थांबते. प्रोसेसर पेंटियम एम आहे. हा संगणक आता निकामी समजावा का?

उत्तर : अद्याप नाही. पीएई म्हणजे 32 बिटच्या प्रोसेसरला 4 जीबीहून अधिक रॅम हाताळू देणारी पद्धत. आपल्याला तिची गरज नाही, पण अनेक वितरणे 32 बिटसाठी पीएई असलेला एकच कर्नल देतात आणि त्यामुळे अडवणूक होते. गंमत अशी की सुरुवातीच्या काही पेंटियम एम प्रोसेसरांत ही सोय असते, फक्त विचारल्यावर ते तसे सांगत नाहीत. बूटच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ हा शब्द जोडला, की कर्नल त्यांच्या नकाराकडे काणाडोळा करून पुढे जातो. तेही जमले नाही तर ज्यात पीएईविना चालणारा कर्नल आहे असे वितरण घ्यावे; अँटीएक्सच्या 32 बिट आवृत्तीत आणि पपीच्या काही आवृत्त्यांत तो असतो.

मात्र 32 बिटचे दार हळूहळू बंद होत आहे. डेबियनने ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या 13 व्या आवृत्तीपासून 32 बिट पीसीसाठीचा कर्नल आणि इन्स्टॉलर देणे थांबवले. त्याआधीची 12 वी आवृत्ती अशा यंत्रांसाठी शेवटची ठरली. म्हणून ज्यांचा प्रोसेसर 64 बिटचा आहे त्यांनी, रॅम कमी आहे एवढ्या कारणाने, 32 बिटचे वितरण निवडताना दोनदा विचार करावा. प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे हे पाहण्यासाठी कोणत्याही लाइव्ह लिनक्समध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्यावी. पहिल्या दोन-तीन ओळींतच उत्तर मिळते.

प्रश्न : आमच्या शाळेकडे बारा जुने डेस्कटॉप आले आहेत. एकातही हार्ड डिस्क नाही. बारा पेनड्राइव्ह मुलांच्या हाती दिले तर ते टिकणार नाहीत. एकाच चांगल्या संगणकावरून हे सर्व चालवता येतील का?

उत्तर : येतील, आणि या पत्रांतील सर्वांत समाधान देणारी मांडणी हीच आहे. डिस्क नसलेली यंत्रे जाळ्यावरून (नेटवर्कवरून) चालवण्याची पद्धत 1980 च्या दशकात सन कंपनीच्या वर्कस्टेशनांवर रुळलेली होती; त्या कंपनीने घडवलेली एनएफएस ही जाळ्यावरून फाइली पुरवणारी व्यवस्था आजही याच कामी येते.

संगणकाच्या नेटवर्क कार्डात पीएक्सई नावाची सोय असेल, तर बायोस पेनड्राइव्हऐवजी जाळ्याकडे वळते. संगणक आधी हाक देतो की मला पत्ता हवा आहे. डीएचसीपी सेवा त्याला पत्ता देते आणि बूटसाठी कोणती फाइल कोणाकडून आणायची तेही सांगते. ती फाइल आणि पाठोपाठ कर्नल टीएफटीपी या साध्या पद्धतीने उतरवून घेतले जातात. पुढे कर्नल उरलेली सिस्टिम एनएफएसवरून मिळवतो. वर वर्णन केलेला छापील नकाशा येथे सर्व्हरवर एकच असतो आणि बारा संगणक आपापला पारदर्शक कागद घेऊन तोच पाहतात. एखाद्या विद्यार्थ्याने काही बिघडवले तरी संगणक पुन्हा सुरू केला की सर्व जागच्या जागी!

हे सगळे हाताने जुळवण्याऐवजी एलटीएसपी हा याच कामासाठीचा तयार संच वापरावा. हा प्रकल्प 1999 पासून चालू आहे आणि 2019 मध्ये तो नव्याने लिहिला गेला. पूर्वीच्या पद्धतीत प्रोग्रॅम सर्व्हरवर चालत आणि विद्यार्थ्यापुढे केवळ चित्र येई. आता प्रोग्रॅम बहुधा विद्यार्थ्याच्याच संगणकावर चालतात आणि सर्व्हर फाइली पुरवतो. म्हणून सर्व्हरवर फार भार येत नाही, पण प्रत्येक डेस्कटॉपमध्ये किमान 2 जीबी रॅम असावी असे मी म्हणेन.

तीन ठिकाणी लोक अडतात. जाळ्यात राउटरची डीएचसीपी सेवा आधीच असते. तीत दुसरी घुसवली तर दोघी वेगवेगळे पत्ते वाटू लागतात आणि शाळेच्या कार्यालयातील इंटरनेटही बंद पडते. एलटीएसपी त्यासाठी डीएनएसमास्क या सेवा-प्रोग्रॅमचा प्रॉक्सी प्रकार वापरते, ज्यात पत्ता राउटरच देतो आणि बूटची माहिती तेवढी सर्व्हर पुरवतो. तो प्रकार बदलू नये. दुसरी अडचण वेगाची. 100 मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला फार तर 12 एमबी जातात, आणि बारा संगणक एकाच वेळी सुरू केले तर प्रत्येकाच्या वाट्याला 1 एमबीच येईल. डेस्कटॉपांची कार्डे 100 मेगाबिटची असली तरी चालतील, पण सर्व्हर आणि सर्व तारा एकत्र जोडणारा स्विच यांच्यामधला दुवा गिगाबिटचा हवाच. वायफायवरून हे करू नये. पीएक्सईला तार लागते. तिसरी अडचण अगदी क्षुल्लक वाटते, पण तिच्यात दिवस जातो : सर्व्हरवरील प्रत 64 बिटची असेल आणि डेस्कटॉपांपैकी दोन 32 बिटचे निघाले, तर ते दोन सुरू होणार नाहीत. बाराही यंत्रे आधी एका लाइव्ह पेनड्राइव्हवरून तपासून घ्यावीत आणि त्याच वेळी मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवून रॅमही पारखावी, कारण जुन्या यंत्रांत न उलगडणाऱ्या बिघाडांमागे पुष्कळदा रॅमची सदोष पट्टी असते.

प्रश्न : काढून ठेवलेल्या बिघडलेल्या हार्ड डिस्कवर घरातील छायाचित्रे आहेत. आता लिनक्स पेनड्राइव्हवरून चालते आहे, तर ती डिस्क यूएसबी अडॅप्टरने जोडून दुरुस्त करून पाहू का?

उत्तर : जोडा, पण दुरुस्त करू नका. फाइल-व्यवस्था दुरुस्त करणारी आज्ञा डिस्कवर लिहिते, आणि मरणासन्न डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेसुरलेही गमावणे. डिस्क आपोआप माउंट होत असेल, म्हणजे जोडताच वापरासाठी उघडली जात असेल, तर ती सोय आधी बंद करावी. मग जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन वापरून संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या, पुरेशा मोठ्या डिस्कवर उतरवावी. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारे भाग शेवटासाठी ठेवते आणि कोठवर काम झाले याची नोंद एका फाइलमध्ये करते, त्यामुळे मध्येच थांबून दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे जाता येते. ही नोंदीची फाइल रॅममधील थरात नव्हे, तर त्या दुसऱ्या डिस्कवरच ठेवावी. नाहीतर संगणक बंद करताच तीही जाईल. प्रतिमा तयार झाली की छायाचित्रांचा शोध फोटोरेक या फाइली शोधून काढणाऱ्या साधनाने त्या प्रतिमेत घ्यावा आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून द्यावी. डिस्क फिरतच नसेल किंवा ठराविक अंतराने टक्‌टक् असा आवाज करत असेल, तर मात्र यांपैकी काहीही न करता ती माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी, कारण अशा डिस्कला वीज देत राहिल्याने आतील चकत्यांवर ओरखडे पडू शकतात.